आपांचा मोबाइल आणि पुलाखालचे कागद

उर्दू शाळेत बाईंना ‘आपा’ म्हणतात. मराठी शाळेत ‘बाई’, इंग्रजी शाळेत ‘मिस’, तसं आमच्याकडे ‘आपा’. त्यामुळे ज्यांच्याविषयी मी लिहितोय त्यांना नागपाड्यापासून भायखळ्यापर्यंत सगळेच आपा म्हणतात. विद्यार्थी म्हणतात, विद्यार्थ्यांची पोरं म्हणतात, कोपऱ्यावरचा पाववालाही म्हणतो. मीही तेच म्हणणार, कारण नाव लिहायचं नाही असं त्यांनी बजावलंय. ‘उन लोगों का नाम नहीं, तो मेरा क्यों?’ असं त्यांचं म्हणणं.

आपा 71 वर्षांच्या आहेत. छत्तीस वर्षं त्यांनी उर्दू शिकवलं आणि जोडीला अफसाने, म्हणजे कथा, लिहिल्या. त्यांच्या सुरुवातीच्या कथा अक्षरशः हाताने लिहून छापल्या गेल्या. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांमध्ये धड बसत नाही, म्हणून कातिब बोरूने पानंच्या पानं लिहून काढायचे आणि त्यावरून छपाई व्हायची. नव्वदच्या दशकात ‘इनपेज’ नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि कातिबांचा धंदा बसला. आपांनी मात्र कधीच कळफलकाला बोट लावलं नाही. आधी कातिब होता, मग मदनपुऱ्यात इनपेजवर टाइप करून देणारा मुलगा होता. आपा रेघांच्या फुलस्केप कागदावर लिहून त्याच्याकडे द्यायच्या आणि वर नुक्ते विसरला म्हणून त्यालाच रागवायच्या.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्या माझ्याकडे एक खोकं घेऊन आल्या. भाच्याने जेद्दाहून पाठवलेला मोबाइल. सहा महिने तो कपाटात होता.

‘सर, इस में टेप होता है ना? सिखा दो.’

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. मोबाइल शिकवण्याचा माझा कुठला अभ्यासक्रम नाही. पण आपांना ‘यूट्यूबवर बघा’ असं कोण सांगणार? विचारलं, कशासाठी? तर म्हणाल्या, पुलाखालच्या बायकांसाठी. पूल म्हणजे आमचा जे. जे. उड्डाणपूल. कागदोपत्री त्याचं नाव ‘कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल’ असं लांबलचक आहे आणि 2002 सालापासून तो मोहम्मद अली रोडच्या डोक्यावर उभा आहे. वरून गाड्या जातात, खाली माणसं झोपतात. आपा फजरनंतर फिरायला निघतात तेव्हा त्या बायका चूल पेटवत असतात. सलाम-दुआ होते, चहा होतो. दोन-तीन वर्षं हे चाललं होतं.

‘वही काढून लिहून का नाही घेत?’ मी विचारलं.

आपांनी दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. वही काढली की त्या बायका सर्व्हेची भाषा बोलायला लागतात. नाव, गाव, नवरा काय करतो, मुलं किती. इतक्या वेळा कुणी ना कुणी येऊन हे विचारून गेलंय, की त्यांना ते पाठ झालंय. पाढे म्हटल्यासारखं म्हणतात आणि गप्प होतात. पेन खिशात ठेवलं की मग खरं बोलणं सुरू होतं. पण ते घरी जाईपर्यंत आपांच्या डोक्यात राहत नाही. पूर्वी राहायचं.

आणि या वेळी त्यांना अफसाना लिहायचा नव्हता. ‘अफसाना बहुत लिख लिया फुटपाथ पर. अब हाल लिखना है.’ उर्दू लेखकांनी मुंबईच्या फुटपाथवर काय कमी लिहिलंय! ख्वाजा अहमद अब्बास यांनी तर 1963 साली ‘शहर और सपना’ नावाचा अख्खा सिनेमा काढला, त्यात नवरा-बायको पाइपात संसार मांडतात, आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आमच्या मराठीत नारायण सुर्वे तर फुटपाथवरच सापडले होते. एका गिरणी कामगाराने उचलून त्यांना आपलं नाव दिलं. आपांना सुर्व्यांचं फार कौतुक. मराठी त्या माझ्याकडून थोडी शिकल्या, ती सुर्व्यांसाठीच.

तर शिकवणी सुरू झाली. बी.एड.ला आम्हाला घोकून घेतलं होतं, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. वर्गात त्याचा उपयोग किती झाला ते विचारू नका, इथे मात्र झाला. पडद्यावर बोट दाबून धरणं आणि नुसतं टेकवणं यातला फरक आपांना समजेना. मी म्हटलं, आपा, एक नुक्ता आणि दुसरी मद्द. एक टिंब, एक ताणलेली रेघ. लगेच जमलं. कुलूप म्हणून पडद्यावरच्या नऊ टिंबांमधून आकृती काढायची असते, तिथे त्यांनी उर्दूचं एक अक्षर काढलं. कुठलं ते सांगत नाही. पण म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी असतात आणि काचेला कळत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. आपा चहाच्या ग्लासाला बोट लावून मग मोबाइलला लावायच्या. मोबाइल बनवणाऱ्यांनी हे कधी करून पाहिलं असेल का?

पंधरा दिवसांत त्या रेकॉर्डिंग करायला शिकल्या. पहिल्या चार रेकॉर्डिंगमध्ये बेस्टच्या बसशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग कानाला लावायच्या इअरफोनचा माइक ओढणीला टाचून बोलायचं ठरलं. त्या बाईला आधी विचारायचं, दाखवायचं, तिलाच लाल बटण दाबायला द्यायचं. ही आपांची युक्ती, माझी नव्हे. बटण तिने दाबलं की टेप तिची होते, असं त्या म्हणायच्या.

पुढची पायरी बोलून टाइप करण्याची होती. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि आपण मोबाइलसमोर तेच पुन्हा म्हणायचं, म्हणजे तो उर्दूत लिहितो. आपांचं उर्दू तो बिनचूक लिहायचा. पण त्या बायकांचं बोलणं जसंच्या तसं म्हटलं की त्याची गडबड व्हायची. कुणी बिहारची, कुणी गुलबर्ग्याची, एक परभणीकडची. तिची दखनी अर्धी मराठीच: ‘पाऊस आया तो बारदान उठाते, ताडपत्री बांधते, रात भर बैठतेच.’ मोबाइलने ‘ताडपत्री’चं ‘तार पे तेरी’ केलं. आपा खूप हसल्या. म्हणाल्या, चला, गझलेचा एक मिसरा फुकट मिळाला. नंतर गंभीर होऊन म्हणाल्या, हा मोबाइल तिची जबान ऐकतो पण ओळखत नाही. मग ते वाक्य त्यांनी बोटाने, एकेक अक्षर शोधत, टाइप केलं. अर्धा तास लागला.

‘बेघर’ हा शब्द त्यांनी तिसऱ्याच आठवड्यात टाकून दिला. एकाही बाईने स्वतःसाठी तो वापरला नव्हता. त्या म्हणतात, ‘हम इधरीच रहते’. खांबाला टेकून ठेवलेली मोरी-चूल-पेटी दाखवून म्हणतात, ‘मेरे घर में आओ, बैठो.’ सरकारी भाषेत मात्र त्या बेघरच.

या सरकारी मोजणीशी माझा संबंध आलेला आहे. शिक्षकाचा कशाशी येत नाही! 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेसाठी देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली. त्या रात्री मीही एक हातबॅटरी आणि तक्त्यांचा गठ्ठा घेऊन फिरलो होतो. जी माणसं इमारतीत राहत नाहीत, रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, प्रार्थनास्थळांच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर उघड्यावर राहतात ती मोजायची. झोपलेल्या माणसाला उठवून वय विचारणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आकडा निघाला तो असा: देशात 17 लाख 73 हजार, महाराष्ट्रात 2 लाख 10 हजार, मुंबईत सुमारे 57 हजार. मुंबईचा आकडा वाचून आपा म्हणाल्या होत्या, ‘इतने तो मैं ने ही देखे होंगे.’ एका रात्रीत मोजायचं म्हटल्यावर जो माणूस त्या रात्री हमाली करायला बाजारात गेला, तो राहिलाच. आता 2027 ची जनगणना मोबाइल अॅपवर होणार असं जाहीर झालंय, म्हणजे मलाही पुन्हा शिकावं लागणार.

मोजणीची एक दुसरी गोष्ट याच भागात घडली होती, ती आपांना चांगली आठवते. जुलै 1981 मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवाल्यांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असं त्यात म्हटलं. कायद्याच्या पुस्तकात हे वाक्य फार गाजलं. पण फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही आणि रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, असंही त्याच निकालात आहे. ते वाक्य फुटपाथवर जास्त गाजलं. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या फुटपाथवाल्यांची मोजणी केली आणि ‘वी, द इनव्हिजिबल’ नावाचा अहवाल काढला. त्यातूनच ‘महिला मिलन’ उभी राहिली. त्यात बहुतेक आमच्याच भागातल्या, पुष्कळशा मुसलमान, फुटपाथवर राहणाऱ्या बायका. रोज रुपया-दोन रुपये साठवत, स्वतःच्या वस्तीची माणसं स्वतः मोजत, त्यांच्यातल्या काहींनी पुढे मानखुर्दला पक्की घरं मिळवली. आपांच्या शाळेतल्या तिघी-चौघींच्या आया त्यांत होत्या. आता पुलाखाली आहेत त्या त्यांच्यानंतर आलेल्या.

तर आपांची चांगली तीस-पस्तीस रेकॉर्डिंग झाली होती. ऑगस्टमध्ये एक दिवस सकाळी गाडी आली. फुटपाथवर ‘गाडी’ म्हटलं की कुठली ते कुणी विचारत नाही. सामान उचललं, टाकलं, गेली. परभणीवालीची पेटी त्यात गेली. पेटीत भांडी होती, गोधडी होती, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, मुलाचा जन्मदाखला. दुसऱ्या दिवशी आपा गेल्या तेव्हा तिने लाल बटण दाबलं नाही. म्हणाली, ‘आपा, मेरी बात कितनी भी रखो तुम्हारे मोबाइल में. मेरे कागज का फोटो रखते तो काम आता.’

आपा सरळ माझ्याकडे आल्या. ‘कागज़ का फोटो कैसे लेते हैं?’

आपा लिहायला गेल्या होत्या गोष्ट, आणि त्या बाईला हवी होती झेरॉक्स. लेखक म्हणून आपांना हे लागलं असणार. पण त्यांनी ते दाखवलं नाही, आणि मला वाटतं, त्यातच त्या माझ्या पाहण्यातल्या पुष्कळ लेखकांपेक्षा मोठ्या ठरल्या. पुढचे दोन महिने त्यांनी एकही मुलाखत घेतली नाही. कागदांचे फोटो काढले. मोबाइलने कागदाच्या कडा ओळखून सरळ प्रत करायची सोय असते, ती शिकल्या. मी आधी डिजिलॉकर सुचवलं. पण त्याला आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, आणि फुटपाथवर नंबर वर्षभर टिकत नाही. मोबाइल चोरीला जातो, रिचार्ज राहून जातो. सहा बायकांचे ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जात असणार. त्या एका आकड्यासाठी सगळं अडतं.

मग प्रश्न आला, एवढ्या लोकांचे आधार क्रमांक एका म्हातारीच्या मोबाइलमध्ये ठेवायचे का? मी नको म्हणालो. बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: फोटो काढायचा, कोपऱ्यावरच्या दुकानात आपण उभं राहून दोन प्रती छापून घ्यायच्या, एक तिला प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून द्यायची, दुसरी आपांच्या कपाटात तिच्या लिफाफ्यात. मोबाइलमधला फोटो तिथेच पुसायचा आणि दुकानदाराच्या संगणकावरचाही. तिघींचे नंबर चालू निघाले. त्यांच्यासाठी मास्क्ड आधार काढलं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आपांच्या कपाटात जिथे ‘शायर’ आणि ‘आजकल’चे जुने अंक होते, तिथे आता खाकी लिफाफे आहेत. जुने अंक पलंगाखाली गेले.

याच काळात आपांना मोबाइलची आणखी एक खोड कळली. फोटोच्या पोटात तो कधी आणि नेमका कुठे काढला हे लिहिलेलं असतं. लोकेशन बंद केलं नसेल तर अगदी कुठल्या खांबाजवळ हेही. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तशीच पुढे जाते. हे ऐकून त्यांनी चष्मा काढला. ‘मतलब गाडीवालों को भी मालूम पड जाएगा?’ आणि त्या एका बाईचा विषय निघाला.

ती बाई कुठली, कोण, ते मी लिहिणार नाही. घरातून पळून आलेली. मागे माणसं आहेत आणि ती शोधताहेत, एवढं पुरे. तिने आपांना चाळीस मिनिटांचं बोलणं दिलं होतं. आपांनी मला त्यातली दोन मिनिटं ऐकवली होती. मी वर्गात रोज भाषा शिकवणारा माणूस, पण इतकी साधी आणि इतकी अंगावर येणारी भाषा मी फार ऐकलेली नाही. एक दिवस तिने आपांना विचारलं, मेरा आवाज पहचान में आता है? आपा म्हणाल्या, ओळखणारा ओळखेल. ती म्हणाली, पुसून टाका.

आपांनी तिच्यासमोर पुसलं. मग घरी येऊन त्यांना आठवलं की पुसलेलं महिनाभर ट्रॅशमध्ये पडून राहतं, मीच शिकवलं होतं. रात्री साडेदहाला फोन: ‘कचरापेटी कैसे खाली करते हैं, सर?’ मी सांगितलं. सांगताना मनात आलं, की ते कुठेतरी राहू द्यावं. इतकं चांगलं काही पुन्हा मिळणार नाही. बोललो नाही. पलीकडे एकदा टिंग वाजलं आणि आपा म्हणाल्या, ‘हो गया.’

न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा एक पत्रकार होता, त्याची मला त्या रात्री आठवण झाली. डेन्मार्कहून 1870 साली अमेरिकेत आलेला हा माणूस सुरुवातीला स्वतः पोलीस चौकीच्या निवाऱ्यात झोपला होता. पुढे पोलीस-बातमीदार झाला. लिहून लिहून कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून, 1887 मध्ये फ्लॅशच्या पावडरीचा शोध वाचल्यावर त्याने तिशी उलटल्यावर कॅमेरा शिकून घेतला. अंधाऱ्या खोल्यांत शिरून, भपकन उजेड पाडून झोपलेल्यांचे फोटो काढले. एकदा तर आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत भिंतीला आग लागली, ती त्याने स्वतःच विझवली. 1890 मध्ये त्याचं ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आलं आणि 1896 मध्ये ते पोलिसी निवारे बंद झाले. त्याच्या हातून काम मोठं झालं, यात वाद नाही. पण झोपेतून दचकून उठलेल्या त्या डोळ्यांना कुणी विचारलं होतं का? आपांना मी ते फोटो दाखवले. त्या बराच वेळ एकाच फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तस्वीर अच्छी है. इस को नींद से उठाया किस ने?’

आमचं यावर एकमत नाही. मला वाटतं, चेहरे दिसल्याशिवाय या शहराला काही वाटत नाही. मोजणीचे आकडे छापून आले, निकाल लागला, एक लाख वस्तीमागे एक निवारा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला, तरी पुलाखाली माणसं आहेतच. आपा म्हणतात, चेहरा तिचा आहे, तिने द्यायचा की नाही ते तिचं. त्यांच्या लिखाणात आता नाव नाही, चेहरा नाही, खांबाचा नंबर नाही. एका मासिकाने ‘फोटो असतील तर छापू’ असं कळवलं, त्यांना आपांनी उत्तरच दिलं नाही.

डिसेंबरपासून मी त्यांच्या आणखी एका कामात ओढला गेलोय. मी माझ्या भागाचा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम करणारा. घर नसलेल्या माणसालाही मतदार होता येतं. सहा नंबरच्या फॉर्मवर तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, बीएलओने रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं. एक रात्र पुरत नाही, एकाहून जास्त रात्री जावं लागतं. ते पटलं की पत्त्याच्या पुराव्याचा कागद लागत नाही. नियम चांगला आहे. पण आमच्यापैकी किती जण रात्री जातात ते विचारू नका. आपांनी चार बायकांना हे समजावलं. तिघींनी फॉर्म भरले. चौथीने, तिनेच, विचारलं, ये लिस्ट दीवार पर लगती है ना? लागते, आणि कुणालाही बघता येते. तिने फॉर्म परत केला.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला मी पहिल्यांदा गेलो. आपाही आल्या, नको म्हटलं तरी. तिघीही लिहून दिलेल्या जागीच होत्या. परभणीवाली जागीच होती, मुलाला आमच्या शाळेत घातलंय, त्याचं ‘बाराखडी’चं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उशाशी. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारायचा नसतो, एवढा कायदा मला ठाऊक होता म्हणून ते झालं. शनिवारी दुसऱ्यांदा गेलो तर ती तिथे नव्हती. वरून पाणी गळायला लागलं म्हणून दोन खांब पुढे सरकली होती. हाक मारून तिनेच बोलावलं, ‘सर, इधर है मैं.’

फॉर्मवर जुना खांब लिहिलाय. दोन खांब म्हणजे पत्ता बदलला का, हे मी वरच्या साहेबांना विचारलंय, उत्तर अजून आलेलं नाही. उद्या तिसऱ्यांदा जायचंय. आपा म्हणाल्या आहेत की बॅटरी आणू नका, त्यांच्या मोबाइलमध्ये आहे आणि ती लावता येते.